दातांनी ऐकणारे भोंगेकाका

भोंगेकाका दातांनी गाणं ऐकत. कान पार गेले होते. कानयंत्रातून नुसती घरघर येई. मग ते वाकून फोनोग्राफच्या लाकडी पेटीची कड दातांत धरत आणि डोळे मिटत; लाकडाची थरथर दातांतून थेट डोक्यात पोचे. आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात लोक म्हणत, म्हातारा पेटी खातो. मी त्यांची शेजारीण. फोनोग्राफला चावी द्यायचं काम माझं.

रेल्वेत तारबाबू असताना कुण्या साहेबाच्या बंगल्यातल्या भंगारात त्यांना हे यंत्र मिळालं होतं. तबकड्यांऐवजी नळकांडी वाजवणारं. सोबत अकरा निळी नळकांडी, सगळी जुन्या जॅझची. "हा काय गोंगाट ऐकता?" असं मी पाटीवर लिहून छेडायची. "पाच जण पाच वाटांनी धावून राहिले, अन् घरी संगच पोचतात. तुले नाही समजत," ते म्हणत.

ओलीनं नळकांड्यांच्या आतलं प्लास्टर फुगे. मग ती यंत्रावर चढत नसत, जोर केला की तडकत. दर पावसाळ्यात एकदोन जात. शेवटी एकच उरलं. दातही तसेच चालले होते.

उरलेल्या सात दातांत पू झाला. साखर वाढलेली, ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, सगळे काढा, नाहीतर म्हातारा हातचा जाईल. काका ऐकेनात. "दात गेले तं मी ऐकू कायनं?" मी हातापाया पडले. शेवटी पाटीवर लिहिलं, 'आज फक्त तपासणार.' इतकं निर्लज्ज खोटं मी जन्मात बोलले नव्हते. ते निमूट रिक्षात बसले.

साती दात निघाले, ताप उतरला. आठवड्यानं मी चावी दिली. काकांनी हिरड्यांत पेटी धरली, मग हनुवटी टेकवली, मग कपाळ. पुन्हा हिरड्या. रक्त आलं.

"लावलं ना, पोट्टे?"

मी मान हलवली. यंत्र माझ्या कानाशी खणखणत होतं. मला रडू आवरेना.

पुढे ते अंथरुणाला खिळले. "तू ऐक अन् मले लिहून दे," म्हणत. मला त्या वाद्यांतलं काय कळतंय! 'तुतारी आली, ढोल आला,' असं लिहायची. ते बोटांनी ताल धरत. एका सकाळी शेवटचं नळकांडंही माझ्याच हातून तडकलं. सांगायचा धीर होईना. त्यांच्या उशामागे बसून, गाणं चालू असल्यासारखं, मी तशीच लिहीत राहिले.

काकांनी पाटी घेतली आणि तळव्यानं पुसली.

"चार मिनिटांचंच असते ते, बाई. तू केव्हाची लिहून राहिली."