क्लचवरचा पाय

माझ्या गाडीचं दुखणं मला पुरतं ठाऊक होतं. न्यूट्रलमध्ये क्लचवरचा पाय उचलला की घरघर, दाबला की गप्प. म्हणजे गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलेलं. गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल, असं गॅरेजवाल्याने सांगितल्यावर मी इन्शाल्ला म्हणून निघून आलो, तो परत गेलोच नाही. शेजारी कुणी बसलं की सिग्नलला क्लच दाबून धरायचा, हे माझं शहाणपण.

मुलगी लग्न होऊन दुबईला, अल बर्शात राहते. तिचे सासू-सासरे पुण्याहून आले होते आणि अल ऐनला आमच्याकडे पहिल्यांदाच जेवायला येणार होते. जावई म्हणाला, मी आणून सोडतो. पण व्याह्यांना घ्यायला आपण जायचं असतं, असा हेका मी धरला. बायकोने कपाळाला हात लावला.

दोघांना घेऊन दुबईहून निघालो. हायवेवर सगळं ठीक होतं. अल ऐनमध्ये शिरल्यावर सिग्नल सुरू झाले. मी क्लच दाबून बसलो, तर नवीनच किरकिर ऐकू आली. महिनोन्‌महिने दाबून दाबून मी क्लचच्या बेअरिंगचीही वाट लावली होती. आता पाय वर घेतला तर घरघर, खाली दाबला तर किरकिर. लाजेने कान तापले. मुलीच्या सासरी आता काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. नशीब, मागे बसलेल्या विहीणबाई बोलक्या. प्रत्येक सिग्नलला त्या मोठ्याने रस्त्याकडेच्या झाडांचं कौतुक करत होत्या. त्यांना काही ऐकू येत नसावं, अशी मी मनाची समजूत घातली.

शेवटी राहवेना. शेजारी बसलेल्या व्याह्यांना म्हटलं, "गाडीचं जरा काम निघालंय. उद्याच गॅरेजला टाकतो."

"असू द्या हो," ते म्हणाले. "सूनबाईने निघतानाच सांगितलं होतं. बाबांना गाडीच्या आवाजाचं काही विचारू नका, त्यांना वाईट वाटतं."

जिची मान सासरी खाली जाऊ नये म्हणून मी पायात गोळे आणले, त्या लेकीने माझ्यासाठी आधीच तिथे शब्द टाकला होता. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

पुढच्या सिग्नलला मी गाडी न्यूट्रलला टाकली आणि क्लचवरचा पाय उचलला. घरघर सुरू झाली. मागून विहीणबाई घाईघाईने म्हणाल्या, "इथली झाडं किती छान ठेवलीयत, नाही?"