तानाबाई पतपेढीच्या रांगेत

माझी आई तानाबाई भांडखोर होती, असं आष्टीत अजून म्हणतात. म्हणोत. ज्यांना जन्मभर मागे सरकवलं, ती माणसं भांडणार नाहीत तर काय करतील?

जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडून ती मजुरी मिळवायची आणि त्यातून उरेल ते गावच्या पतपेढीत टाकायची. मला शिकायला वर्ध्याच्या वसतिगृहात ठेवायचं तिनं ठरवूनच टाकलं होतं. पण पतपेढीत आमच्या वस्तीतल्यांसाठी वेगळा शिरस्ता होता. आम्ही पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, आणि आमचे परत करताना सेक्रेटरी लक्ष्मणराव ते वरून खाली सोडायचे. छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आम्ही बौद्ध झालो, तरी उंबऱ्यावरचा हा प्रकार चालूच होता.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात मुंबईचा शेअर बाजार पडला. आमच्या गावाला त्याचं काय, असं वाटेल. पण पेठेतला एक अडत्या गिरण्यांच्या शेअरवर उधारीनं खेळत होता, तो पार धुऊन निघाला. दिवाळं निघाल्याचं सांगायच्या जुन्या रिवाजाप्रमाणं त्यानं दुकानातली गादी उलटी केली आणि भरदिवसा दिवा लावून ठेवला. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी काय ते समजून घ्यावं.

त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, लक्ष्मणरावांनी वर्ध्याला पाठवायच्या पाकिटावर लाखेचं सील करायला टेबलावर दिवा पेटवला. दारातून कुणीतरी तो पाहिला. झालं. पतपेढी बुडाली, अशी आवई भाजीच्या पालांपासून बैलबाजारापर्यंत गेली आणि बघता बघता दारात रांग लागली.

आई मला ओढतच तिथं घेऊन गेली आणि तिनं पुढची जागा धरली. मागून टिकाराम आले. गावातले मोठे कास्तकार.

"तानाबाई, तुमच्या लोकाईनं मांगं राहाव. आमचं झालं का मंग घ्या."

"काऊन? मी पयले आली."

"रिवाज हाय."

"रिवाज सोडाले त नागपूरले गेलतो जी."

आत लक्ष्मणरावांचा ओरडून घसा बसला होता. "अहो, संस्थेनं एकही शेअर घेतला नाई. बाजार पडला त आपलं काय गेलं? पैसा गावातच कर्जानं दिला हाय, सुगीले परत येते. पण सारेच आज मागून राह्यले त शेवटच्याले काय देऊ?"

शेवटी कोण असणार हे गावानं आधीच ठरवलेलं होतं. माझं शिक्षण त्या एका रांगेत अडकलं होतं आणि मी घाबरून गेले होते. टिकारामांनी आईपुढं काठी आडवी धरली. तिनं ती हातानं बाजूला केली आणि पुढं सरकली. मला तिचा इतका अभिमान वाटला की भीती थोडा वेळ विसरले.

तिची पाळी आली. लक्ष्मणरावांनी नोटा काढल्या आणि सवयीनं उंबऱ्यावर सोडायला हात वर नेला. आईनं त्याखाली तळहात धरला.

"हातात द्या. खाली पडले त मी उचलणार नाई, आन् इथून हलणारबी नाई."

लक्ष्मणराव थबकले. मागची रांग मात्र उतावीळ झाली होती. "द्या ना हातात, काऊन वेळ लावता!" असं ओरडणाऱ्यांत टिकारामही होते. अखेर लक्ष्मणरावांनी नोटा तिच्या हातावर ठेवल्या.

तिनं मूठ मिटली. माझ्याकडं बघितलं. मग त्याच नोटा तिनं पुन्हा त्यांच्यापुढं केल्या.

"जमा करा."

"आत्ता त काढले ना?"

"बाजारानं नाई बुडत मनता तुमी, पळापळीनं बुडते. मंग मी काऊन पळू?"

लक्ष्मणरावांनी तिच्या हातातून पैसे घेतले. रांगेत कुजबूज सुरू झाली. दोघंचौघं घुटमळले आणि घराकडं वळले. टिकाराम तिथंच उभे होते, पण पुढं आले नाहीत.

निघताना आई दारात वळली.

"जूनमधी पोरीच्या फीसाठी येईन. तवाबी हातातच द्या."