पुंगळी बाहेर का पडेना

बंदुकीच्या जळलेल्या दारूचा उग्र दर्प मक्याच्या तुऱ्यांच्या गोडसर वासात मिसळला, की आजही माझ्या मनात आधी शंकाच जागी होते. देवगाव रंगारीच्या आमच्या रानात, कलत्या उन्हात, ओढ्याच्या दरडीवर नेम धरून मी बापूंची रायफल चालवायला शिकत होते. बापू, माझे वडील, जाऊन वर्षही झालं नव्हतं. रान माझ्या नावावर आलं होतं, रायफलीच्या परवान्यावर मात्र माझ्यासोबत बापूंच्या धाकट्या भावाचं, नानाकाकांचंही नाव होतं, आणि रानडुकरांचा कळप रोज मका लोळवत होता. बार उडाला, बोल्टचा दांडा मागे ओढला, तर काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर न पडता आतच आडवी! दुसरा बार निघणार नसेल, तर अंगावर आलेल्या डुकरापुढं रायफल म्हणजे नुसतं दांडकं.

बांधावरून काका म्हणाले, "बाईमाणसाचं काम नाय हे, पोरी. रान मला बटईनं, निम्म्या वाट्यानं दे अन् तू तिकडं शहरात, उस्मानपुऱ्यात सुखानं ऱ्हा." मग त्यांनी तीच रायफल घेऊन बार काढला आणि पुंगळी टणकन उडाली. माझ्या हातात आली की पुन्हा अडकली. आता याला काय म्हणावं? डोकंच फिरलं माझं.

काकांनीच काहीतरी घासून बिघडवलं असणार, या संशयानं घरी चादरीवर बोल्ट मांडून मी त्यांच्या कानशीचा ओरखडा शोधू लागले. पुंगळी ओढणारी नखी शाबूत, तिला बाहेर फेकणारी पट्टी शाबूत; नळीतली काजळी पुसली, तीही फार नव्हती. काहीच सापडेना, तसा शक मात्र बळावत गेला. आणि तेल लावलेला बोल्ट हलकेच मागे ओढताना माझाच डावा हात नकळत त्याच्यावर ओंजळीसारखा आला. ती लकब बापूंची, आणि रानातही माझ्याकडून तेच होत होतं! रिकाम्या पुंगळ्या दाखवल्याशिवाय नवी काडतुसं मिळत नसत, म्हणून गवतात हरवू नये यासाठी ते बोल्ट हळुवार ओढून पुंगळी अलगद तळहातावर घेत. त्यांचा हात मुरलेला, माझा कच्चा. आणि ती पट्टी तर हाताला हिसका असेल तेवढ्याच जोरानं फेकते.

दुसऱ्या दिवशी रानात बार काढून मी खसकन बोल्ट ओढला. पुंगळी खांद्यावरून काकांच्या पायाशी पडली. त्यांनी ती उचलून माझ्या हातावर ठेवली. अजून ऊन होती.

"पहिल्याच दिशी दिसलं व्हतं मला," ते म्हणाले. "दादाचीच सवय."

"मग बोलला का नाही?"

"रान पायजे व्हतं ना मला!" ते मोकळेपणानं हसले, आणि मला संताप आला तो त्या हसण्याचाच.

त्या संध्याकाळी मी रायफलीच्या पेटीचं कुलूप बदललं आणि चहा मात्र दोघांचा टाकला. इतकं खरं बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावा, की त्याच्यापासूनच सगळ्यात जास्त जपून असावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.