इतर नावाचा कप्पा

ऑफिसात तिला सगळे कप्पेबाई म्हणत. नवरा तर म्हणे, "हिच्या फ्रिजमध्ये पाणीसुद्धा रांगेत उभं असतं." आधी ग्रंथपाल होती, मग एका मोठ्या रुग्णालयाने लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा फोनवरचा बोलका यंत्र-मदतनीस करायला घेतला, तेव्हा त्यातल्या माहितीची मांडणी करायला तिला बोलावलं. बोलावणारी होती तिची भाची. मोठ्या बहिणीची मुलगी, शाळा सुटली की मावशीकडेच येऊन पडणारी. आता ती या कामाची प्रमुख होती.

कप्पेबाई संगणकापुढे बसलीच नाही. रुग्णालयाच्या हॉलमध्ये, बाकांवर लोकांशेजारी जाऊन बसली. तिथे कुणी विभागाचं नाव घेत नव्हतं. "ह्यांना जिना चढवत नाही, कुणाला सांगू?" असं विचारत होते. म्हणून तिने सगळी माहिती विभागांप्रमाणे न लावता लोकांच्या काळज्यांप्रमाणे लावली. यंत्र शिकलं ते तिच्या या मांडणीवर.

एका म्हाताऱ्या शिंप्याने तिला बायकोच्या आजाराचं सगळं सांगितलं. जे बायकोने कुणाला सांगू नका म्हटलं होतं, तेही. ती त्याला म्हणाली, "काका, यंत्राला जिथे कळणार नाही, तिथे माणूस फोन उचलेल. ते मी पाहते." आणि तिने ते पाहिलंही. प्रत्येक उत्तराखाली 'माणसाशी बोला' हे बटण ठेवलं.

मदतनीस सुरू झाला. कौतुक झालं. काही आठवड्यांनी तोच शिंपी तिला हॉलमध्ये दिसला. फोन हातात धरून, चेहरा उतरलेला.

"बाई, हा फार गोड बोलतो हो," तो म्हणाला. "पण फिरून फिरून तेच विचारतो. हिच्या ऑपरेशनची तारीख निघून गेली."

तिने फोन घेतला. उत्तरांखालचं बटण नव्हतं. शोधत शोधत ती खाली गेली, आणखी खाली गेली. शेवटी 'इतर' नावाच्या कप्प्यात, 'सूचना व अभिप्राय'च्या आत ते सापडलं. 'इतर'मध्ये कुणीही हात घालत नाही, हे हॉलमध्ये बसून तिनेच शोधून काढलं होतं. आणि सांगितलं होतं एकाच माणसाला.

शिंप्याला हाताशी धरून ती खिडकीवर घेऊन गेली, नवी तारीख मिळवून दिली, आणि तशीच भाचीच्या खोलीत शिरली.

भाचीने नाकारलं नाही. "मावशी, सगळ्यांनी माणूसच मागितला तर यंत्र कशाला? माणसांना येणारे फोन निम्म्यावर आलेत. वरचे खूश आहेत."

"ते बटण हलवलंस कधी?"

"सुरू व्हायच्या आधी."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू पुढचं काम केलं नसतंस." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "आणि लोक तुझ्याशीच बोलतात गं. माझ्याशी कुणी बोललं नसतं."

म्हणजे या कामाला तिला बोलावलं होतं ते यासाठी. कप्पेबाईला ओरडावंसं वाटलं, पण समोर तेच डोळे होते, जे तिने पोरीच्या तापात रात्र रात्र पुसले होते. ती वरच्या साहेबांकडे गेली. त्यांनी चहा पाजला, आलेख दाखवला, विचार करू म्हणाले. बटण तिथेच राहिलं. तिने राजीनामा दिला.

मग ती शिंप्याच्या घरी गेली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. आतल्या खोलीत बायको खोकत होती. शिंप्याने हातातली कात्री मिटून बाजूला ठेवली.

"तुम्ही फसलात, हे कळलं मला," तो म्हणाला. "पण बाई, तिच्या दुखण्याचं मी बोललो ते तुमच्याकडे बघून. आता तिला काय सांगू?"

ती उठली. त्याने दारापर्यंत सोडलं, पण परत या म्हणाला नाही.

बहीण मात्र अधूनमधून फोन करते. "पोरगी रडते गं तुझ्या नावाने. बोल ना तिच्याशी."

"बोलते की," कप्पेबाई म्हणते. "पण आता काय बोलायचं नि काय नाही, ते आधी ठरवून फोन उचलते. पूर्वी तसं नव्हतं."