खरखर म्हणून काढलेला श्वास

शेजारच्या मारियाआंटी काल स्पीकरला कान लावून बसल्या होत्या. त्यांचे यजमान जॅझ वाजवायचे, सॅक्सोफोनवर. ते गेल्यावर त्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज मॅनेजरने ‘स्वच्छ’ करून पुन्हा बाजारात आणली आहेत. सूर कसे लखलखीत! तरी आंटी म्हणाल्या, “फुंकायच्या आधी तो श्वास घ्यायचा ना, तेवढाच ऐकू येत नाही.”

मी मॅनेजरला फोन लावून त्या श्वासाचं विचारलं. तो म्हणाला, “खरखर होती ती, काढून टाकली.”

“मग मूळ टेप तरी ऐकवा त्यांना.”

“हक्क आमच्याकडे आहेत. टेप कुणालाच देत नाही.”

माणूस गेल्यावर त्याचं काय उरू द्यायचं, हेही आता ऑफिसात बसून ठरतं. मी फोन ठेवला. आंटींनी धून पुन्हा पहिल्यापासून लावली आणि प्रत्येक सुराआधी त्या स्वतःच श्वास घेऊ लागल्या.