किडक्या वांग्यांची पिशवी

पुलगावला उतरल्यावर पहिलं काम केलं ते परतीच्या गाडीची वेळ विचारण्याचं. न जाणो, वनिताने दारातूनच हाकललं तर?

चार वर्षं वसतिगृहात वनिता आणि मी एका खोलीत राहिलो. सुट्टी लागली की तिच्या तळेगावच्या घरी मी महिना महिना पडीक. तिचे बाबा मला ‘धाकली’ म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ते वारले आणि मी गेलेच नाही. फोनसुद्धा केला नाही. आधी काय बोलावं याची भीती, मग उशीर झाल्याची लाज, मग त्या लाजेचाच राग. नाशिकला मी बालवाडीच्या पोरांना चेहऱ्यांचा तक्ता दाखवून राग, दुःख, भीती, आनंद शिकवते. पोरं पटापट ओळखतात. बाईंचं मात्र पार त्रांगडं झालेलं!

आर्वीमार्गे एसटी धरली. शेजारच्या आजींनी मी कोण, कुठली, सगळं काढून घेतलं. मैत्रिणीकडे चालले म्हटल्यावर म्हणाल्या, “मंग रडून काऊन राह्यली वं?”

मी रडत होते? मला पत्ताच नव्हता.

तळेगावात कळलं, वनिता वावरात (शेतात) आहे. धुऱ्यावरून (बांधावरून) जाताना पाय घसरला आणि एक चप्पल पाणी दिलेल्या वाफ्यात रुतली ती रुतलीच. एका पायात चप्पल, दुसरा चिखलाने माखलेला, अशी मी तिच्यापुढे उभी. तिने वर पाहिलं.

“आली का? घे, वांगे तोडू लाग.”

बस्स, एवढंच. मी उगाच हसले. जीव घाबरला की मला हसू येतं.

दुपारी घरी झुणका-भाकर, वर सांबार (कोथिंबीर). “खाय. वाळली किती! जेवाले भेटत नाई का तिकडं?” बोलताना ती भांडी आदळत होती. राग म्हणावा, तर झुणक्यावर तेल दुसऱ्यांदा ओतलेलं. तिच्या आईकडे पाहिलं, तर त्या भाकरी थापत होत्या. वनिताचा असला चेहरा माझ्या तक्त्यात नाही.

मग बाजारासाठी वांगी निवडायला बसलो. चकचकीत वांगी क्रेटमध्ये, भोकं पडलेली बाजूला. आईला भेटायला आलेले अमरावतीचे पाहुणे निघाले, तेव्हा वनिताने त्यांना क्रेटमधली वांगी दिली. नंतर माझी पिशवी ओढली आणि बाजूच्या ढिगातली किडकी वांगी त्यात भरायला लागली.

माझी कानशिलं तापली. “वनिता, तोंडावर शिव्या दे ना! किडकी वांगी कशाला देतेस?”

तिने पिशवी खाली ठेवली. “चांगला माल बाजाराले आन पाहुण्याले. घरचे किडकंच खातेत. महिना महिना खाल्लं ना तू, इसरली?” आणि तिचा आवाज चिरकला. “बाबा गेले तवा पाहुणे लय आले वं. आमी तुही वाट पाहून राह्यलो होतो.”

“चुकलं गं माझं,” मी म्हटलं. ती रडली, मी रडले. मध्येच दाराशी पडलेली माझी एकटी चप्पल बघून ती फिसकन हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

नाशिकला नवऱ्याने पिशवी उघडली. “ही फेकायची ना?” मी त्याच्यावर केवढ्यांदा तरी ओरडले. बिचारा दचकला. तो राग होता की आणखी काही, देव जाणे. आता वाटतं, तक्त्यावर चार चेहरे चार चौकोनांत छापतात, तिथेच घोळ आहे.

भाजी झाल्यावर वनिताला फोन लावला, दोन वर्षांनी.

“नीट कापून पाह्यलं का?”

“पाहिलं. चार किडे निघाले.”

“पिशवीभर वांग्यांले चारच? मंग काऊन बोंबलून राह्यली होती? पुढच्या महिन्यात येजो. आन धड चप्पल घालून येजो.”

आवाजावरून अजून रागावलेलीच होती. मला इतकं बरं वाटलं, की रडू आलं.