डावीकडचं दार

गॅरेजमधून गाडी परत आणली. पावणेतीन लाख किलोमीटर धावलेली गाडी. धूर तसाच आहे, गिअर अजून अडकतो. पण मेकॅनिक अन्वर खुशीत होता. "काका, डावीकडचं दार खाली बसलं होतं ना, त्याच्या बिजागऱ्या बदलल्या. इतकी वर्षं कसं चालवून घेतलंत?"

ते दार जरा उचलून ओढल्याशिवाय लागतच नसे. माझ्या बायकोला, सुनंदाला, ते बरोबर जमायचं. पाहुणा पुढे बसला की ती मागून ओरडायची, "उचलून लावा हो!" शेवटचं दवाखान्यात नेताना तिच्या हातात ताकद नव्हती. मी वळसा घालून गेलो आणि बाहेरून दार लावायला लागलो. तीनदा आपटलं, तरी लागेना. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला अजून येत नाही."

जुन्या वस्तूच्या खोडी ज्यांच्या हाताला पाठ असतात, तेवढीच आपली माणसं, असं मला वाटायचं. आता खोडही गेली.

अन्वरला मी "छान झालं" म्हटलं. घरी आल्यावर गाडीत बसून ते दार चार-पाच वेळा उघडलं, लावलं. एका बोटानं लागतं. आता ते कुणालाही लावता येतं.